लेकरू जेवत नाही, मग करायचे काय?

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या गल्लीतून कुणीही सहज चालत जावे. घरोघरी एकच आवाज ऐकू येतो. "खा गं माझे बाय, एवढा एकच घास. हा चिऊचा, हा काऊचा. खातेस का देऊ बागुलबुवाला?" मग वाटी आपटल्याचा आवाज, मग लेकराचे रडणे आणि शेवटी पाठीत एक धपाटा. गेल्या वर्षी हा प्रकार आमच्याच घरात रोज दोन्ही वेळा चालत असे.

आमच्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. घरात तिला सगळे छकुली म्हणतात. वर्षाची होईपर्यंत देऊ ते खाणारी ही पोर एकाएकी तोंड मिटून बसू लागली. वरणभात दिला की थुंकायची. भाजी दिसली की मान फिरवायची. काल आवडीने खाल्लेले अंडे आज जमिनीवर फेकायची. तिची आई वाळूजच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. दिवसभर उभे राहून दमून आलेली ती बाई तासभर वाटी घेऊन मुलीच्या मागे फिरे. आमची माय, म्हणजे छकुलीची आजी, वरून तिलाच बोल लावी. सून रडे, नात रडे, आणि आम्ही पुरुष मंडळी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसत असू.

एका रात्री भावजयीचा धीर सुटला. तिने छकुलीचे नाक दाबले आणि उघडलेल्या तोंडात घास कोंबला. पोरीला असा ठसका लागला की तिला श्वास घेता येईना. पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे घास बाहेर पडला. त्या रात्री घरात कुणीच जेवले नाही. लेकराचे जेवण हा बायकांचा प्रश्न आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत, हे त्या रात्री आम्हाला कळले. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते आपल्या घराघरांतल्या आईबापांना उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहोत.

अन्न फेकलेले आपल्याला का सोसवत नाही?

दुसऱ्या दिवशी माय एकटी बसली असताना आम्ही तिला विचारले, "माय, पोरगी दोन घास कमी जेवली तर तुझा जीव एवढा का तुटतो?" मायने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात तू नव्हतास."

१९७२ साली माय नुकतीच लग्न होऊन सासरी आली होती. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जाई. घरात मिलोच्या लाल ज्वारीची भाकर, तीही मोजून. कामावर सुकडी वाटत असत. आपल्या वाटची सुकडी ती पदराला बांधून घरी आणी, कारण घरात धाकटे दीर वाट पाहत असत. तिच्या सासूने तर त्याआधी गावकीची कामे करून दारोदार भाकर मागून आणली होती. आपल्या बहुतेक घरांच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांत ही कथा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा मंडपात शिजलेले अन्नसुद्धा मातीत तुडवले गेले.

म्हणून लेकराने फेकलेला घास आपल्याला नुसता घास वाटत नाही. त्यात आपल्याला आपली उपाशी माणसे दिसतात. मायचा राग खोटा नाही. परंतु दीड वर्षाच्या पोरीला बहात्तर साल माहीत नाही आणि महाडही माहीत नाही. तो इतिहास तिला आपण जरूर सांगू, पण ती ऐकण्याजोगी झाल्यावर सांगू. आज तो तिच्या तोंडात घासासारखा कोंबता येणार नाही.

दोरा नको, वजनकाटा आणा

शेजारच्या एका मावशीने सांगितले, "दृष्ट लागली पोरीला. मीठमोहऱ्या ओवाळा, काळा दोरा बांधा." दुसऱ्या एकाने ताईत देणाऱ्याचा पत्ता दिला. तिसऱ्याने औषधाच्या दुकानातून भूक वाढवणारी बाटली आणा म्हणून सुचवले. आमचे घर १९५६ च्या धम्मदीक्षेपासूनचे, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या. तरीही पोटच्या लेकराच्या काळजीने माणूस डळमळतो. माय म्हणाली, "काळा दोरा बांधल्यानं बिघडतं काय?"

आम्ही म्हणालो, "माय, बिघडते ते एवढेच की दोरा बांधला म्हणजे आपण कारण शोधायचे थांबवतो."

मग आम्ही एक दिवस रजा टाकली आणि छकुलीला घेऊन भावजयीसोबत अंगणवाडीत गेलो. सेविकाताईंनी तिचे वजन केले, उंची मोजली आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडून दाखवले. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम, वर्षाची झाली तेव्हा ८ किलो आणि आता दीड वर्षाला ९ किलो १०० ग्रॅम. टिंबे जोडली तर रेघ वर चढत होती, हिरव्या पट्ट्यातच होती. ताई म्हणाल्या, "पोरगी नाजूक आहे, पण आजारी नाही. तिची रेघ तिच्या वाटेने चालली आहे."

आम्ही कारकून माणसे. आकडा दिसला की आम्ही वजाबाकी करतो. पहिल्या वर्षात वजन वाढले ५ किलो २०० ग्रॅम. पुढच्या सहा महिन्यांत वाढले फक्त १ किलो १०० ग्रॅम. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वाढच संथ झाली, तर भूक तेवढीच कशी राहील?

भूक कमी का होते?

याची कारणे मुख्यतः तीन आहेत आणि ती जवळजवळ प्रत्येक लेकराला लागू पडतात.

पहिले कारण वर आलेच. बाळाचे वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होते. दुसऱ्या संपूर्ण वर्षात ते सुमारे दोन-अडीच किलोच वाढते. त्यामुळे शरीर अन्न कमी मागते. शिवाय या वयात पोट लहान असते. मोठ्यांच्या ताटाशी तुलना केली तर लेकराचे जेवण आपल्याला नेहमी थोडेच वाटणार.

दुसरे कारण नव्याची भीती. मूल चालायला लागले की सापडेल ते तोंडात घालू शकते. अशा वयात अनोळखी पदार्थापासून दूर राहणे हे निसर्गाने दिलेले संरक्षणच आहे. कडू चवीची भाजी नको, हिरवे काही दिसले की नको, हे साधारण दोन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत जास्त दिसते. एखादा पदार्थ आवडायला तो दहा-पंधरा वेळाही समोर यावा लागतो. आपण मात्र दोन-तीनदा देऊन "हिला मेथी आवडत नाही" असा निकाल लावून मोकळे होतो.

तिसरे कारण स्वतंत्र बाणा. "मी", "नको", "माझे" हे शब्द याच वयात येतात. या चिमुकल्या जिवाच्या हातात घरातले काहीच नसते. कपडे आपण घालतो, झोपवतो आपण, उचलतो आपण. फक्त तोंड उघडायचे की मिटायचे एवढाच अधिकार तिच्याकडे असतो. आपण जितकी जबरदस्ती करू, तितकी ती तो अधिकार घट्ट धरून बसते. अन्यायाला नकार द्यायला शिकवणाऱ्या समाजाने तरी हे समजून घ्यायला हरकत नसावी.

सात दिवसांची वही

अंगणवाडीतून आल्यावर आम्ही एक वही केली. छकुलीच्या तोंडात दिवसभरात जे जे जाईल ते वेळेसह लिहायचे, लपवायचे नाही, अशी घरात सर्वांना विनंती केली. सात दिवसांनी वही वाचली तेव्हा आम्हीच ओशाळलो.

सकाळी आजोबांच्या बशीतला चहा आणि दोन बिस्किटे. दहा वाजता किराणा दुकानातला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. बारा वाजता शेजारच्या घरून चॉकलेट. जेवण नको म्हटले म्हणून दोन वाजता बाटलीभर दूध. चार वाजता पुन्हा चहा-बिस्कीट. सहा वाजता आई येण्याआधी रडते म्हणून आणखी एक पुडा. आणि साडेसातला आपण ताट वाढून म्हणणार, पोरगी जेवत नाही! जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तर संध्याकाळी भुकेच्या खात्यात शिल्लकच नव्हती.

बिस्किटाने आणि पुड्याने पोट भरते, पण त्यात मैदा, साखर, तेल आणि मीठ यापलीकडे फारसे नसते. चहाने अन्नातले लोह अंगी लागायला अडथळा होतो. दूध चांगले, पण त्यात लोह अगदी थोडे असते. वर्षानंतर वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत असावे, नाहीतर भाकरीची जागा दूधच घेते. आईचे अंगावरचे दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही जरूर द्यावे. फक्त जेवणाच्या तोंडावर देऊ नये.

वहीत आणखी एक नोंद होती. जेवताना प्रत्येक वेळी मोबाईल. चित्रे बघत मूल तोंड उघडते खरे, पण आपण काय खाल्ले, पोट भरले की नाही, हे त्याला कळत नाही. ते जेवत नसते, आपण त्याला भरत असतो.

घराने केलेले ठराव

रविवारी सगळे एकत्र बसलो आणि चार ठराव केले.

एक. काय वाढायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे, हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले किती खायचे, हे छकुलीने ठरवायचे.

दोन. दिवसात तीन जेवणे आणि मधे दोन वेळा घरचा खाऊ. या पाच वेळांच्या मधे फक्त पाणी. चहा बंद, बाटली बंद, पुडे घरात आणायचेच नाहीत.

तीन. तिने आमच्याबरोबर पंगतीत बसायचे. तिला वेगळी छोटी ताटली. सांडले तरी चालेल, पण स्वतःच्या हाताने खायचे. खाली वर्तमानपत्र अंथरायचे. मोबाईल दूर.

चार. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची. धपाटा नाही, धमकी नाही, "भाजी संपव मग चॉकलेट" असली लाचही नाही. लाच दिली की भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस ठरते.

मायला पहिला ठराव पटेना. "एवढ्याशा पोरीला काय कळतं पोट किती भरलं ते?" त्यावर आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच वरचे खाऊ लागलेल्या बाळांपुढे वेगवेगळ्या वाट्यांत साधे अन्न ठेवले जाई आणि कुणीही आग्रह करायचा नाही असा नियम होता. एखादे बाळ एका दिवशी एकाच पदार्थावर ताव मारी, दुसऱ्या दिवशी त्याला हात लावीत नसे. परंतु पुढे मुले चांगली वाढली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्या वाट्यांत साखर किंवा मिठाई नव्हतीच. म्हणजे निवड मुलांची, पण वाट्या मोठ्यांनी भरलेल्या.

दुसरी गोष्ट कोसलचा राजा प्रसेनजित याची. तो इतका जेवे की धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवणाचे प्रमाण ओळखण्याचा उपदेश केला. जेवताना त्याची आठवण देण्यासाठी राजाला एक तरुण नेमावा लागला. प्रमाण ओळखणे मोठेपणी इतके अवघड जाते! लेकराला मात्र ते उपजत येते. पोट भरले की ते तोंड फिरवते. तेच आपण मोडून काढले, तर पुढे ते परत शिकवायला कोण येणार?

आपल्याच चुलीवरचे अन्न

पौष्टिक म्हणजे महाग हा गैरसमज आहे. डब्यातल्या महागड्या पावडरीवाचून लेकरू वाढते. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून त्यावर चमचाभर तेल किंवा तूप घालावे. मुगाच्या खिचडीत पालक किंवा शेवग्याचा पाला बारीक चिरून टाकावा. शेंगदाण्याचे बारीक कूट भाजीत घालावे. एक अंडे म्हणजे जवळपास सहा ग्रॅम उत्तम प्रथिने. जी घरे मांसाहार करतात त्यांनी काळीज मऊ शिजवून, कुस्करून थोडे थोडे द्यावे. त्यात लोह भरपूर असते. डाळीवर, भाजीवर लिंबू पिळावे. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते. केळे, पपई, पेरू हा मधल्या वेळचा खाऊ. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, तो बाळाच्याच हक्काचा आहे. तो घरातल्या सर्वांत वाटला जाऊ नये.

सुरुवातीला ताटलीत चमचा-दोन चमचेच वाढावे. थोडे पाहून मूल घाबरत नाही, आणि मागितले तर पुन्हा वाढता येते. आवडत्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ बोटभर ठेवावा आणि गप्प बसावे. छकुलीने मेथी पहिल्या दिवशी फेकली, चौथ्या वेळी बोटाने चिवडली, सातव्या वेळी चाटली आणि अकराव्या वेळी गिळली. आम्ही वहीत टिपले होते म्हणून एवढे नेमके सांगतो.

एक सावधगिरी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, टणक गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत. घशात अडकून जीव जातो. पळत्या, रडत्या, झोपलेल्या मुलाच्या तोंडात घास घालू नये.

हट्ट कोणता, आजार कोणता?

येथपर्यंत वाचून कुणी "मुले अशीच असतात" म्हणून स्वस्थ बसेल, तर मोठी चूक होईल. आमच्याच वस्तीत अडीच वर्षांचा एक मुलगा होता. तोही जेवत नव्हता. पाणी घातलेले बाटलीचे दूध आणि चहा-बिस्कीट यावरच होता. तो भिंतीची माती उकरून खाई. खेळता खेळता मधेच बसे. त्याच्या गळ्यात दोन ताईत होते. सेविकाताईंनी त्याच्या खालच्या पापणीचा पांढरा रंग पाहिला आणि त्याच्या आईला दवाखान्यात धाडले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.४ ग्रॅम निघाले. या वयात ते निदान ११ हवे. त्याची भूक रक्त कमी झाल्यामुळे मेली होती. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले, जंताचे औषध दिले, बाटली सोडवली. तीन महिन्यांत पोरगा गल्लीभर धावू लागला आणि भाकर मागू लागला. ताईतांनी त्याचे सहा महिने वाया घालवले होते.

असा तो एकटाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० पैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयातील १०० पैकी सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय होता. म्हणून आमचे सांगणे असे की, निवाडा घासांवर करू नका, वजनाच्या रेघेवर करा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून तक्ता स्वतः पाहा. रेघ आडवी झाली किंवा खाली उतरली, दंडाचा घेर साडेबारा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, पायावर सूज आली, मूल फिकट पडले, माती-खडू खाऊ लागले, गिळताना रडू लागले, वारंवार जुलाब-उलटी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मुलांसाठी आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे पातळ औषध, जंताचे औषध आणि सहा-सहा महिन्यांनी जीवनसत्त्व 'अ' चा डोस सरकारी आरोग्य सेवेत मोफत मिळतो. तो मागून घ्या.

एकट्या आईचे काम नव्हे

ही सगळी व्यवस्था एका बाईच्या बळावर चालत नाही. मुलगी जेवली नाही की बोल आईला, आणि घरात पुडा आणणारे मात्र आजोबा, बाप, काका! आता संध्याकाळचे जेवण आमचा भाऊ छकुलीबरोबर बसून करतो. ती वाटी धरून रडणारी भावजय आता आधी स्वतः जेवते. तिने जेवावे, हाही त्या ठरावांचाच भाग आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईच्या पोटातल्या आणि कुशीतल्या लेकराची काळजी ही समाजाचीही जबाबदारी आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. आपल्या लेकीसुना जेथे काम करतात तेथे ते आहे काय, हे संघटनेने विचारले पाहिजे.

विहारातही आम्ही एक बदल केला. रविवारची वंदना लांबते, लेकरे भुकेने किरकिरतात आणि आया त्यांच्या हातात बिस्किटे देतात. बुद्धचरित्रात आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला, तेव्हा बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मग धम्म सांगितला. ती गोष्ट आठवून महिला मंडळाने ठरवले की वंदनेआधी लहान मुलांना मुगाची खिचडी वाढायची. दहा-बारा मुले एका पंगतीत बसतात. घरी भाताला शिवत नाहीत अशी मुलेही शेजाऱ्याचे पाहून खातात.

छकुली आता अडीच वर्षांची झाली. ती खादाड झाली नाही. अजून कारले खात नाही, आणि आठवड्यातले दोन दिवस तिचे जेवण पाहून कुणालाही काळजी वाटेल. पण रेघ वर चालली आहे आणि घरातले रडणे थांबले आहे. मागच्या आठवड्यात तिने अर्धी भाकर ठेवली आणि ताटली सारून म्हणाली, "पोट भललं." मायने एक क्षण तिच्याकडे पाहिले. मग ती अर्धी भाकर आपल्या ताटात घेतली आणि म्हणाली, "भरलं ना? मग ऊठ, हात धू."

आमच्या घराण्यात "पोट भरलं" म्हणून भाकर मागे ठेवणारी ही पहिली पिढी आहे. तिच्या त्या शब्दाचा मान ठेवावा, असे आम्हाला वाटते.

जयभीम!